लशीच्या मिश्रणाला पेटंट? आधी चार पिंजरे दाखवा

भारतात सजीव लशीला पेटंटचं दार उघडलं ते कोंबड्यांच्या एका रोगामुळे. डिमिनाको नावाच्या स्विस कंपनीने गंबोरोवरची लस बनवण्याच्या प्रक्रियेसाठी अर्ज केला होता. पेटंट कार्यालयाने तो फेटाळला. शेवटी हाती येते ती जिवंत गोष्ट, मग तिला उत्पादन कसं म्हणायचं, असा कार्यालयाचा सवाल होता. जानेवारी 2002 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने तो खोडून काढला. बाजारात विकता येईल अशी वस्तू तयार होत असेल, तर ती जिवंत आहे एवढ्याच कारणावरून प्रक्रियेला पेटंट नाकारता येणार नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ.

कोंबड्यांचा रोग म्हटलं की आम्हा खान्देशवाल्यांना नवापूर आठवतं. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथेच सापडला, लाखो कोंबड्या मारून पुरल्या. 2021 मध्ये पुन्हा तेच संकट आलं. तरीही तिथला पोल्ट्रीवाला उभा आहे आणि लशींच्या बाबतीत तो शहरातल्या सुशिक्षित माणसापेक्षा कितीतरी जाणता आहे. पिल्लू आठवड्याचं होईतो लासोटाचा, म्हणजे मानमोडीवरच्या लशीचा, थेंब डोळ्यात. दोन आठवड्यांच्या आसपास गंबोरो, तीही पिण्याच्या पाण्यातून. आधी दोनेक तास पाणी तोडायचं, पिल्लं तहानली की दूध पावडर कालवलेल्या पाण्यात लस सोडायची, कारण पाण्यात क्लोरीन असेल तर ते लशीतल्या विषाणूलाच मारतं आणि दूध पावडर त्या क्लोरीनला आवरते. अंड्यावरच्या पक्ष्याला पुढे तेलातली मेलेली लस, इंजेक्शनने. आणि हॅचरीतून निघतानाच मानेत टोचलेली मॅरेक्स या रोगावरची लस. ती बहुधा टर्कीच्या हर्पिस विषाणूची असते आणि सहसा द्रव नायट्रोजनच्या टाकीत, उणे 196 अंशांवर ठेवतात. आता तर याच टर्कीच्या विषाणूत गंबोरोच्या विषाणूचं जनुक बसवलेल्या लशीही बाजारात आहेत. एका विषाणूच्या पाठीवर दुसऱ्याचं जनुक, म्हणजे वाहक विषाणूची लस.

थोडक्यात, वाहक विषाणू ही गोष्ट माहितीतली झाली आणि तेलाचं ॲडजुव्हंट, म्हणजे लशीचा परिणाम वाढवणारं जोडद्रव्य, तर त्याहून जुनं. उद्या कुणी हे दोन्ही एका बाटलीत घालून 'नवीन रचना' म्हणून अर्ज केला, तर वीस वर्षांचा एकाधिकार द्यायचा का? हाच प्रश्न माणसांच्या लशींबाबत जास्त गंभीरपणे उभा आहे. माझं मत असं, की अशा मिश्रणाला पेटंट मिळू शकतं आणि काही वेळा मिळायलाही हवं. पण मिश्रणाने घटकांच्या बेरजेपेक्षा वेगळं काय केलं याचा पुरावा परीक्षकाने हट्टाने मागितला पाहिजे, तो तपासायला त्याच्याकडे वेळ पाहिजे आणि बाहेरच्या माणसाला त्यात बोलायची फुकट वाट पाहिजे. सध्या आपली चाल नेमकी उलटी आहे.

आधी विज्ञान. वाहक विषाणूच्या लशीत एखादा निरुपद्रवी केलेला विषाणू घेतात आणि ज्या रोगाशी लढायचं त्याच्या एका प्रथिनाचं जनुक त्यात बसवतात. कोविशील्डमध्ये चिंपांझीचा अडेनोव्हायरस होता, स्पुटनिकमध्ये माणसांचे दोन वेगवेगळे अडेनोव्हायरस, जॉन्सनच्या लशीत त्यातलाच एक. या तिन्हींत ॲडजुव्हंट नाही. कोविशील्डच्या बाटलीत विषाणूखेरीज हिस्टिडिन, मॅग्नेशियम क्लोराइड, पॉलिसॉर्बेट 80, थोडं इथेनॉल, साखर, मीठ, एडिटेट आणि पाणी, एवढंच असतं. हे सगळं विषाणूला बाटलीत शाबूत ठेवण्यासाठी. शरीराला जागं करायचं काम विषाणू स्वतःच करतो. कोव्हॅक्सिनचं तसं नाही. तिच्यात विषाणू मेलेला, म्हणून तिला तुरटीच्या जातीच्या ॲल्युमिनियम क्षारावर एक प्रतिकारशक्ती चेतवणारा रेणू बसवलेलं ॲडजुव्हंट लागलं.

मग वाहक विषाणूच्या लशीत ॲडजुव्हंट कशाला? हाच तर परीक्षकाचा पहिला प्रश्न असायला हवा.

कपाशीवर फवारणी करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. एका पंपात मावा-तुडतुड्यांचं एक औषध आणि बोंडअळीचं दुसरं घातलं, तर एकाने मावा जातो, दुसऱ्याने अळी जाते. दोन्ही गेल्या म्हणून त्या पंपाचा कुणी शोधकर्ता होत नाही. त्यात स्टिकर घातलं तर औषध पानाला धरून राहतं, हेही जगजाहीर. पण एखाद्या विशिष्ट स्टिकरने एखादं औषध निम्म्या मात्रेत तेवढंच काम करू लागलं, तर मात्र गोष्ट वेगळी. कधी दोन औषधं एकत्र आली की द्रावण फाटतं, आणि ती न फाटता चालवून दाखवणं हेही कसब आहे. कायदा हेच म्हणतो, फक्त त्याची भाषा कोर्टाची आहे. पेटंट कायद्याचं कलम 3(ई) सांगतं की घटकांचे गुण केवळ एकत्र आणणारं निव्वळ मिश्रण हा शोध नव्हे. कलम 3(ड) ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाला परिणामकारकता वाढल्याखेरीज शोध मानत नाही, आणि त्याच्या स्पष्टीकरणात संयोगांचाही उल्लेख आहे. औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे उपचारातली परिणामकारकता, हे सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी नोव्हार्टिसच्या प्रकरणात स्पष्ट केलं.

आता पिंजऱ्यांचं. उंदरांचे चार गट घ्या. एकाला नुसतं द्रावण, दुसऱ्याला फक्त वाहक लस, तिसऱ्याला फक्त ॲडजुव्हंट, चौथ्याला दोन्ही. दुसऱ्या आणि चौथ्या गटात विषाणूची मात्रा काटेकोर सारखी. मग अँटिबॉडी मोजा, रोगाशी लढणाऱ्या टी-पेशींचा प्रतिसाद मोजा, जमल्यास खऱ्या रोगाला तोंड देऊन कोण वाचतं तेही पाहा. चौथ्याचा आकडा दुसऱ्या-तिसऱ्याच्या बेरजेच्या स्पष्ट पुढे गेला, किंवा निम्म्या विषाणूत तेवढाच परिणाम मिळाला, तर अर्जदाराने काहीतरी कमावलंय. निम्म्या मात्रेचा फायदा लहान समजू नका, त्याच कारखान्यातून दुप्पट डोस निघतात. विद्यार्थ्यांबरोबर असे अर्ज चाळताना मला मात्र वारंवार दोनच पिंजरे दिसतात: एक नुसत्या द्रावणाचा आणि एक सगळं घातलेल्या मिश्रणाचा. मिश्रणाचा प्रतिसाद मीठपाण्यापेक्षा चांगला आला, यात कुणाला नवल वाटावं? आणि त्या एका आलेखाच्या जोरावर मागणी असते ती 'कोणताही अडेनोव्हायरस, पॉक्सव्हायरस किंवा हर्पिसव्हायरस आणि ॲल्युमिनियम क्षार, स्क्वॅलीन, सॅपोनिन, सीपीजी यांपैकी एक किंवा अनेक' अशी (शेवटची चारही ॲडजुव्हंटं). कलम 10(5) म्हणतं की दावे तपशिलात उघड केलेल्या गोष्टीवर रास्तपणे आधारलेले असावेत. एका विषाणूची आणि एका ॲडजुव्हंटची जोडी उंदरात दाखवून अख्ख्या कुळांवर हक्क सांगणं याला रास्त म्हणता येत नाही.

कंपन्यांच्या बाजूने एक वजनदार मुद्दा आहे आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. वाहक विषाणू आणि ॲडजुव्हंट यांचं जमतंच असं नाही, उलट अनेकदा बिनसतं. ॲडजुव्हंटमुळे शरीराने इंटरफेरॉन हे विषाणूला रोखणारं प्रथिन लवकर आणि भरपूर सोडलं, तर विषाणूने आणलेलं जनुक पेशीत कामाला लागण्याआधीच दाबलं जातं. म्हणजे मदतनीसच कामात खोडा घालतो. ज्या विषाणूंना चरबीचं आवरण असतं, त्यांना सॅपोनिनसारखी द्रव्यं बाटलीतच फोडू शकतात. तेव्हा 'दोन्ही माहीत होतं, मग एकत्र घालणं उघडच होतं' असं म्हणून परीक्षकाने सरसकट हात झटकले तर तेही चूकच. माणसाला जे जमणार नाही असं वाटत होतं ते कुणी जमवलं, तर तो शोध आहे. पण हा युक्तिवाद अर्जदाराच्याच गळ्यात पडतो, हे तो बोलून दाखवत नाही. जोड्यांचं वागणं इतकं बेभरवशाचं असेल, तर एका जोडीच्या यशावरून दहा जोड्यांचा दावा कसा करता? बेभरवशी आहे म्हणून पेटंट हवं असेल, तर त्याच बेभरवशाने पेटंटची रुंदीही आटोपली पाहिजे. जी जोडी दाखवली, ज्या प्रमाणात दाखवली, तेवढ्यावर हक्क द्या, आणि तो खुशाल द्या.

अर्ज घाईने करावा लागतो, मागून कुणी आधी जाऊ नये म्हणून, हे मान्य. माणसांवरच्या चाचण्यांचे आकडे पहिल्या दिवशी कुणी मागत नाही. उंदरांचे चार पिंजरे मात्र काही महिन्यांचं काम आहे. नंतर आणलेली आकडेवारी मूळ दाव्याला टेकू म्हणून चालेल, पण मूळ अर्जात ज्याचा मागमूस नाही तो परिणाम सुनावणीच्या आदल्या रात्री उगवला तर परीक्षकाने तो बाजूला सारावा.

एक जाता जाता. 'अमुक आठवड्यांनी पहिला आणि तमुक आठवड्यांनी दुसरा डोस देण्याची पद्धत' याला आपल्याकडे पेटंट मिळत नाही, कारण रोग टाळण्यासाठी माणसावर किंवा जनावरावर करायच्या उपचाराची प्रक्रिया कलम 3(आय) बाहेर ठेवतं. म्हणून तीच पद्धत कधी 'संच' होऊन येते, कधी 'रचना' होऊन. कपडे बदलले तरी माणूस ओळखता आला पाहिजे.

हे सगळं मुंबई-दिल्लीच्या वकिलांचं, आपल्याला त्याचं काय, असं खान्देशात कुणी म्हणू नये. पेटंट आणि परवाना शुल्क आपल्या खिशातून कसं जातं हे कपाशीच्या बियाण्याने आपल्याला पुरतं शिकवलंय. 2016 मध्ये केंद्राने बोलगार्ड-2 या बीटी कपाशीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटाची किंमत 800 रुपये ठरवली, त्यात तंत्रज्ञानाची म्हणजे ट्रेट फी 49 रुपये. पुढे ती कमी होत होत 2020 मध्ये शून्यावर आली. धुळ्याच्या बाजारात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी हे सांगायला गेलो तर तो म्हणाला, "नाव कोन्हंबी राहो सर, पैसा ते आपलाच जास." पण पैशांपेक्षा मला त्या पेटंटची कोर्टातली कथा जास्त बोलकी वाटते. मोन्सॅन्टोला बोलगार्ड-2 च्या जनुकाचं पेटंट मिळालं 2008 मध्ये. हे जनुक शेवटी बियाण्यात, म्हणजे वनस्पतीत जातं, आणि वनस्पती व बियाणं तर कलम 3(जे) प्रमाणे पेटंटबाहेर, मग हे पेटंट टिकतं का, हा प्रश्न खरं तर परीक्षणातच पुरता चावून संपायला हवा होता. एप्रिल 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पेटंट अवैध ठरवलं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवला आणि रीतसर पुरावे घेऊन खटला चालवा म्हणून प्रकरण परत पाठवलं. त्याच वर्षी पेटंटची वीस वर्षांची मुदत संपली. 2021 मध्ये मोन्सॅन्टो आणि तिच्याशी लढणारी नुझिवीडू ही बियाणं कंपनी यांनी तडजोड केली. ते पेटंट वैध होतं की नव्हतं याचं शेवटचं उत्तर कुणालाच मिळालं नाही, आणि मधल्या हंगामांत पाकिटं विकली गेली ती गेलीच.

लशीच्या बाबतीत अशी चालढकल आणखी महागात पडते, कारण तिथे हंगाम नसतो, साथ असते. न्यूमोनियाच्या जिवाणूवरच्या न्यूमोकोकल लशीचंच पाहा. जुन्या सात प्रकारांच्या लशीत आणखी सहा प्रकारांची भर घालून तेरा प्रकारांची लस बनवली, यात शोधाची पायरी कोणती, असा आक्षेप 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ने 2016 मध्ये घेतला होता. 2017 मध्ये फायझरला पेटंट मिळालं. सिरमची दहा प्रकारांची स्वस्त लस यायला डिसेंबर 2020 उजाडला. पेटंट नसतं तर नेमकं किती लवकर काय झालं असतं, असा हिशोब मी मांडणार नाही, लशीचा कारखाना उभा करणं हे पेटंटपलीकडचंही काम आहे. पण धडगाव-अक्कलकुव्याकडे पावसाळ्यात न्यूमोनियाने धापा टाकणारं मूल पाहिलेल्या माणसाला मिश्रणाच्या पेटंटचा प्रश्न कागदी वाटणार नाही.

आणि नेमकं परीक्षण हेच आपण घाईवर टाकलं आहे. 2014-15 मध्ये देशात 5,978 पेटंटं मंजूर झाली. मार्च 2023 ते मार्च 2024 या एका वर्षात एक लाखावर. सरकारने हा आकडा अभिमानाने जाहीर केला. प्रलंबित अर्जांचे ढीग उपसले गेले, त्याचं कौतुकही करायला हवं, कारण दहा-दहा वर्षं लटकलेला अर्ज कुणाच्याच भल्याचा नसतो. तरी लशीच्या अर्जाचा तपशील वाचायचा म्हणजे विषाणूशास्त्र, प्रतिकारशक्तीचं शास्त्र आणि तीन-चार देशांत त्याच अर्जाचं काय झालं याची कागदपत्रं, एवढं सगळं आलं. मंजुरीच्या संख्येवर पाठ थोपटली जात असेल तर मधले दोन पिंजरे कुठे आहेत हे विचारायला कोण थांबेल?

कायद्यात याला एक उतारा आहे. कलम 25(1) प्रमाणे अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कुणीही, अगदी कुणीही, लेखी विरोध करू शकतो. क्षयरोगावरच्या बेडाक्विलिनच्या क्षाराला पेटंट देऊ नका म्हणून 2019 मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयात गेल्या त्या दोघी क्षयरोगातून उठलेल्या: मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले. 23 मार्च 2023 रोजी, क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी, तो अर्ज फेटाळला गेला. नाहीतर एकाधिकार 2027 पर्यंत लांबला असता. मार्च 2024 च्या नियमांनी या विरोधाला शुल्क लावलं आणि तो ऐकण्यासारखा आहे की नाही हे आधी पेटंट नियंत्रकाने ठरवायचं अशी चाळणी घातली. त्याच वर्षी जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं होतं, की विरोध करणाऱ्याला कार्यालय आणि अर्जदार यांच्यातल्या परीक्षणात बसायचा हक्क नाही. यामागचं कारण खोटं नाही. भाडोत्री नावांनी एकामागून एक विरोध दाखल करून प्रतिस्पर्ध्याचा अर्ज कुजवायचा, हा धंदा चालतो. पण त्यावर उपाय म्हणून रुग्णाकडून आणि विद्यार्थ्याकडून पैसे घेणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणं. कंपन्यांना हवं तेवढं शुल्क लावा, विरोधामागे खरा कोण आहे ते शपथपत्रावर सांगायला लावा, आणि व्यक्तीला, रुग्ण-संघटनेला, शिक्षणसंस्थेला वाट फुकट ठेवा.

बाहेरच्या माणसाने अर्ज वाचला की काय होतं, याचं कोव्हॅक्सिन हे ताजं उदाहरण आहे. भारत बायोटेकच्या अर्जात लस बनवण्यात भागीदार असलेल्या आयसीएमआरचं, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचं, नाव नव्हतं. प्रसिद्ध झालेला अर्ज लोकांनी वाचला, 2024 मध्ये बातमी झाली, आणि कंपनीने अनवधानाने राहिलं म्हणत आयसीएमआरला सहमालक म्हणून घातलं. जनतेच्या पैशातून चालणाऱ्या संस्थेचा हक्क एका वाचनाने कागदावर आला.

मग असं वाचणारे खान्देशात का नसावेत? शिरपूर, शहादा, चोपडा, फैजपूर, जळगाव, धुळे इथे मिळून फार्मसीची इतकी कॉलेजं आहेत, की दरवर्षी एम.फार्म.च्या प्रबंधांसाठी विषय शोधताना मार्गदर्शकांची दमछाक होते. त्याच त्या गोळीच्या विरघळण्याच्या आलेखांऐवजी दोघा-तिघांना प्रसिद्ध झालेला एखादा लशीचा अर्ज हातात द्यावा. दावे सुटे करा, प्रत्येक दाव्याला तपशिलात कोणता प्रयोग आहे ते लावा, पिंजरे मोजा. 2022 च्या साथीत राज्यातली लम्पी ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावलला पहिल्यांदा आढळली, तेव्हा गुरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचली जात होती आणि खास लम्पीची लस हिसार-इज्जतनगरच्या सरकारी प्रयोगशाळांतून नुकती बाहेर पडत होती. या लशींभोवती पुढची मिश्रणं, पुढचे अर्ज येणारच. ते वाचायला गुरांचा दवाखाना पाहिलेला विद्यार्थी जास्त लायक की नुसतं कलम पाठ असलेला?

अडचण आहे ती भाषेची. पेटंटचा तपशील इंग्रजीत किंवा हिंदीत असतो, मराठीत गोषवाराही मिळत नाही. निदान औषधं, लशी, बियाणं यांच्या अर्जांचा पानभर गोषवारा राज्यभाषांत काढायला कार्यालयाला फार खर्च येणार नाही. बाकी अंतराची सबब आता चालत नाही. अर्ज घरबसल्या संगणकावर दिसतात आणि सुनावणी व्हिडिओवर होते. प्रबंधाचे विषय विद्यापीठाकडे साधारण दिवाळीच्या आसपास जातात, तेव्हा ज्या मार्गदर्शकांना हे पटतं त्यांनी या वर्षीच्या यादीत एक जागा मोकळी ठेवावी.